मागे इंजिन, पुढे गारवा

स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन या उपनगरात पोर्शे कंपनीने १९६४ साली ज्या ९११ गाडीचे उत्पादन सुरू केले, ती मध्य युरोपच्या हवामानाचा विचार करून आखलेली होती, आणि तिच्या रचनेत हे जागोजागी दिसते. तिचे सहा सिलिंडरांचे, १९९१ घनसेंटिमीटर क्षमतेचे आणि १३० अश्वशक्तीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असून ते पाण्याऐवजी हवेने थंड होते. त्यामुळे या गाडीला रेडिएटर नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत आणि एरवी गाड्यांत असतो तसा गरम पाण्यावर चालणारा हीटरही नाही. हिवाळ्यात एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती फिरून तापलेली हवा आत सोडायची आणि उन्हाळ्यात काचा खाली करायच्या, एवढीच व्यवस्था मूळ आराखड्याने गृहीत धरली होती. स्टुटगार्टच्या उन्हाळ्याला ती बहुधा पुरत असे, पण कॅलिफोर्निया, टेक्सास आणि ॲरिझोना येथील ग्राहकांना ती पुरणे शक्य नव्हते, आणि ९११ ला तर अमेरिकेत फार मोठी बाजारपेठ मिळाली. तेव्हा तेथील विक्रेते गाडी हाती आल्यावर तिच्यात बाहेरच्या उत्पादकांची वातानुकूलन यंत्रणा बसवून देऊ लागले. पुढे कंपनीनेही ती सोय देऊ केली, तरी मागाहून बसवल्याचा ठसा या यंत्रणेवर हवेने थंड होणाऱ्या ९११ च्या शेवटापर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, थोडाफार राहिलाच. आज या गाड्यांचे मालक त्याच यंत्रणेची नव्याने उभारणी करीत असतात. जुन्या स्पोर्ट्‌स गाडीत गारवा आणणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यास ९११ इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

वातानुकूलनात थंडी तयार होत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते, आणि हे काम प्रशीतक नावाचा, सहज उकळणारा आणि सहज द्रवरूप होणारा पदार्थ करतो. गॅरेजात ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात तो हाच. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. मग कंडेन्सर या जाळीदार पत्र्यांच्या चौकटीतून जाताना तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो. वाटेतील ड्रायर नावाची बाटली त्यातला ओलावा शोषून घेते. त्यानंतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना त्याचा दाब एकाएकी उतरतो, आणि प्रवाशांच्या बाजूला असलेल्या इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत कूलिंग कॉइलमध्ये, तो उकळू लागतो व उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून ओढून घेतो. आज सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाला शून्य अंशावर उकळतो आणि सुमारे सतरा पट दाबाला साठ अंशांवर द्रव होतो. या दोन आकड्यांमधील अंतर राखण्यासाठी कॉम्प्रेसरला जे कष्ट पडतात ते इंजिनाच्या तीन ते पाच अश्वशक्ती खातात.

या हिशेबातील एक बाब मात्र मागाहून एसी बसवणाऱ्यांच्या ध्यानात नेहमीच राहते असे नाही. आतून ४ किलोवॉट उष्णता उचलायची आणि त्यासाठी कॉम्प्रेसरने २ किलोवॉट काम करायचे, तर कंडेन्सरला ६ किलोवॉट बाहेर टाकावे लागतात. कॉम्प्रेसरचे कष्टही उष्णतेच्याच रूपाने शेवटी कंडेन्सरच्याच गळ्यात पडतात. घरातील एक टनी एसी सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता काढतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या इवल्याशा गाडीला एका खोलीएवढी किंवा त्याहून जास्त क्षमता लागते याचे नवल वाटेल. परंतु भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊन ओतले जात असते, गाडीच्या तिरप्या काचा ते बहुतेक सगळे आत घेतात आणि पातळ पत्र्याच्या भिंतींना अडवण्याची ताकद नसते. तेव्हा जुन्या गाडीत खरा प्रश्न असतो तो या सहा किलोवॉटांना बाहेर जाण्यासाठी वाट कोठून द्यायची हा. इव्हॅपोरेटरसाठी कोपरा कोठेतरी सापडतो. कंडेन्सरला मात्र कोपरा चालत नाही, त्याला वारा लागतो.

अमेरिकेत हा प्रश्न ९११ च्या आधी पाव शतक उभा राहिला होता. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांसाठी वातानुकूलन देऊ केले, तेव्हा इव्हॅपोरेटरने डिकीतील बरीच जागा अडवली होती आणि कॉम्प्रेसर इंजिनापासून वेगळा करणारा क्लचच नव्हता. गारवा नको असेल त्या ऋतूत इंजिन थांबवून पट्टा काढून ठेवावा लागे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात एकत्र आणली आणि तोच आराखडा पुढे रूढ झाला. ज्या गाड्यांत कारखान्याची सोय नव्हती त्यांच्यासाठी टेक्सासमधील उत्पादकांनी डॅशबोर्डाखाली टांगायच्या पेट्या काढल्या. आपल्याकडे फियाट आणि ॲम्बॅसॅडर गाड्यांत गुडघ्यांना लागणारी जी काळी पेटी अनेकांनी पाहिलेली आहे, ती याच कुळातली. या टांगत्या पेटीला पुष्कळ नावे ठेवली जातात, परंतु ती चार स्क्रूंवर येते आणि चार स्क्रू काढल्यावर जाते, हा तिचा गुण जुन्या गाडीच्या बाबतीत लहान नव्हे.

इंजिन पुढे असलेल्या गाडीत कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो, हे ठरलेलेच. पोर्शे ९११ मध्ये रेडिएटरच नसल्याने ती जागाही नाही. म्हणून या गाडीत इंजिनाच्या झाकणावरील जाळीखाली कंडेन्सर आडवा बसवण्यात आला. कल्पना वरवर चतुर होती, कारण इंजिन थंड करणारा मोठा पंखा त्याच जाळीतून हवा ओढतो आणि कंडेन्सरला वेगळा पंखा लागत नाही. तोटा दुहेरी निघाला. कंडेन्सरमधून तापून आलेली हवा थेट इंजिनावर जाते, म्हणजे ज्या दिवशी इंजिनाला गार हवेची सर्वाधिक गरज असते त्याच दिवशी तिला आधी तापवले जाते. शिवाय पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असल्यामुळे सिग्नलला गाडी उभी राहिली की तो मंदावतो, इंजिनाच्या खोलीतली उष्णता वर चढून झाकणाशी साचते आणि कंडेन्सर थंड होण्याऐवजी तापू लागतो. कालांतराने गाडीच्या नाकात, पुढच्या बंपरच्या मागे, स्वतःचा विजेचा पंखा असलेला दुसरा कंडेन्सर आला, आणि त्याने परिस्थिती सुधारली. पण गॅसचा प्रवास वाढला.

तो प्रवास सविस्तर पाहण्यासारखा आहे. मागच्या टोकाला असलेल्या कॉम्प्रेसरमधून निघालेला गरम गॅस होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, इंजिनाच्या झाकणावर चढतो. तेथून उतरून गाडीच्या एका कडेने, दाराच्या उंबऱ्याखालून, पुढच्या टोकापर्यंत जातो. नाकातील कंडेन्सर, मग ड्रायर, मग इव्हॅपोरेटर असे टप्पे घेतो. आणि उकळून झालेला गॅस दुसऱ्या होजने पुन्हा सगळी गाडी ओलांडून मागे परततो. सगळ्या होजची मिळून लांबी दहा मीटरांच्या पुढे सहज जाते, आणि प्रत्येक जोडावर एक रबरी कडे, म्हणजे ओ-रिंग, असते. झाकण उघडले-मिटले की त्यावरील दोन होज वाकतात. इव्हॅपोरेटर बसतो तो पुढच्या सामानखान्याच्या तळाशी, विंडस्क्रीनच्या जरा पुढे असलेल्या एका चौकोनी खड्ड्यात. त्या झाकलेल्या खड्ड्याला इंग्रजी बोलणारे शौकीन तस्करांची पेटी म्हणतात, आणि एसी असलेल्या ९११ मध्ये तस्करांना तेथे जागा नसते. खड्ड्याच्या मापामुळे इव्हॅपोरेटर लहान, त्याचा पंखा अशक्त आणि डॅशबोर्डातील झरोके अरुंद राहिले. या गाडीचा एसी निकामी असतो असा लौकिक पसरला, त्यातील काही भाग या रचनेचा आहे. परंतु बराचसा भाग दहा-दहा वर्षे न बदललेल्या रबराचा आणि धुळीने बुजलेल्या कंडेन्सरचा आहे, आणि आराखड्याला शिव्या देण्याआधी तेवढे पाहायला हवे.

रबराचा प्रश्न गॅस बदलल्याने आणखी चिघळला. जुन्या गाड्यांतील आर-१२ हा क्लोरीनयुक्त गॅस होता. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी १९७४ साली असे दाखवून दिले की अशा पदार्थांतील क्लोरीन वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचून ओझोनचा नाश करतो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि नव्या गाड्यांत नव्वदच्या दशकात क्लोरीनविरहित आर-१३४ए आला. त्याचे रेणू अधिक लहान असल्यामुळे ते जुन्या रबराच्या भिंतीतून पाझरतात. म्हणून आता आतून नायलॉनचे अस्तर असलेले होज वापरतात. आर-१२ बरोबर चालणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरला वंगण पोहोचत नाही. तेथे कृत्रिम तेल भरावे लागते. तिसरा फरक दाबाचा आहे. शून्य अंशाच्या आसपास दोन्ही गॅसांचे दाब जवळजवळ सारखे असतात, पण साठ अंशांवर आर-१२ वातावरणाच्या सुमारे पंधरा पट दाबाला द्रव होतो, तर आर-१३४ए ला जवळपास सतरा पट लागतो. याचा अर्थ असा की कंडेन्सर दुबळा असेल तर जुना गॅस कसाबसा चालवून नेई, नवा गॅस मात्र त्या दुबळेपणाची पुरेपूर किंमत वसूल करतो. आणि ९११ चा कंडेन्सर तर दुबळाच होता.

म्हणून आजच्या नव्या उभारणीत बहुतेक खर्च आणि बुद्धी कंडेन्सरवरच लागते. जुन्या पद्धतीच्या कंडेन्सरमध्ये एकच लांब नळी नागमोडी फिरवलेली असे. नव्या समांतर प्रवाहाच्या कंडेन्सरमध्ये गॅस एकाच वेळी अनेक चपट्या नळ्यांतून जातो, त्यामुळे तेवढ्याच जागेत उष्णता बरीच जास्त बाहेर पडते. झाकणावर आणि नाकात असे कंडेन्सर बसवूनही कमी पडले तर मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत, स्वतःचा पंखा असलेला, आणखी एक बसवतात. उजव्या कमानीत इंजिनाच्या तेलाची टाकी असल्याने ती बाजू मिळत नाही. मूळचा, दोन दट्ट्यांचा आणि गाडीला हादरे देणारा कॉम्प्रेसर काढून त्याजागी सँडेन या जपानी कंपनीचे किंवा तत्सम, पाच-सात लहान दट्ट्ये गोलाकार मांडलेले, हलके कॉम्प्रेसर येतात. दाबावर चालणारा एक स्विचही बसतो, जो गॅस फार कमी झाला किंवा दाब फार चढला तर कॉम्प्रेसरचा क्लच सोडून देतो. गॅस गळून गेल्यावर त्याच्याबरोबर फिरणारे तेलही हळूहळू फिरेनासे होते आणि कोरडा कॉम्प्रेसर पाहता पाहता घासून जातो, म्हणून या छोट्या स्विचवर काटकसर करू नये.

विजेचा हिशेब याहून रूक्ष असला तरी तो चुकला तर गाडी रस्त्यात उभी राहते. सुरुवातीच्या ९११ मधील अल्टरनेटर ४९० वॉटचा, म्हणजे सुमारे ३५ अँपिअरचा होता, आणि तोही इंजिन वेगात असताना. आतला पंखा, कंडेन्सरचे पंखे आणि क्लच मिळून २५ अँपिअर सहज ओढतात. त्यात रात्र असेल, पाऊस असेल, हेडलाइट आणि वायपर चालू असतील, तर बॅटरी उतरू लागते. ब्रिटिश एमजीबी या १९६२ पासून विकल्या गेलेल्या गाडीत तर १९६७ पर्यंत अल्टरनेटरही नव्हता, २२ अँपिअरचा डायनॅमो होता, आणि तिच्या बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजचे पंखे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते असे धरून चालतात. अशा गाडीत एसीच्या आधी सगळी विद्युतव्यवस्थाच बदलावी लागते. हल्ली कॉम्प्रेसरच विजेवर चालवण्याचे संच मिळतात. तो कोठेही बसवता येतो आणि होज आखूड होतात, ही मोठी सोय आहे. पण १.५ किलोवॉटचा कॉम्प्रेसर १२ व्होल्टवर चालवायचा तर १२५ अँपिअर लागतात, म्हणून चांगल्या संचांबरोबर मोठा अल्टरनेटर घ्यावाच लागतो, आणि शेवटी ती अश्वशक्ती इंजिनाच्या पट्ट्यावरूनच येते.

क्षमता वाढवण्याआधी उष्णता अडवणे स्वस्त पडते, ही गोष्ट मालकांना सांगूनही पटत नाही, कारण गालिच्याखालचे काम दिसत नाही. पोर्शे ९११ मध्ये याचे एक खास ठिकाण आहे. एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत सोडणारी किंवा बाहेर काढून देणारी झडप इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असते, आणि ती गंजली किंवा तिची तार सैल पडली तर पूर्ण मिटत नाही. मग मे महिन्यातही पायांशी गरम हवेची बारीक धार येत राहते, समोरून एसी गार हवा देत राहतो, आणि मालक गॅस कमी झाला असे समजून दर वर्षी तो भरून घेतो. त्या झडपा दुरुस्त करणे, दारांची रबरे बदलणे, मागच्या आसनांच्या पाठीशी व जमिनीवर उष्णतारोधक थर अंथरणे आणि बाहेरची ताजी हवा घेणारा मार्ग बंद करून आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणे, एवढ्याने अनेकदा अर्धे काम होते.

दमट हवेचा हिशेब आणखी वेगळा. ह्यूस्टन असो की मुंबई, तेथे एसीला हवा थंड करण्याबरोबर ती कोरडीही करावी लागते, आणि बाष्पाचे पाणी होताना बरीच उष्णता बाहेर पडते. तासाला एक लिटर पाणी निथळत असेल तर केवळ त्यासाठी सुमारे ६८० वॉट क्षमता खर्च होते. म्हणून ॲरिझोनाच्या कोरड्या चाळीस अंशांत समाधान देणारा संच किनाऱ्यावरच्या चौतीस अंशांत तोकडा भासू शकतो. शिवाय ते पाणी जाणार कोठे, हेही पाहावे लागते. इव्हॅपोरेटरच्या खड्ड्यातून खाली जाणारी निचऱ्याची नळी पाल्याने बुजली, तर पाणी खड्ड्यातच साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो.

यंत्रणा जोडण्याचे काम नाजूक हाताचे आहे. ओ-रिंगला आधी कॉम्प्रेसरचेच तेल लावतात. जोड आवळताना दोन पाने वापरतात, एका पान्याने नळीची बाजू धरून ठेवतात आणि दुसऱ्याने नट फिरवतात, नाहीतर अॅल्युमिनियमची नळी पिळवटून जाते. ड्रायरची टोपणे सगळ्यात शेवटी काढतात, कारण उघडा ड्रायर हवेतलाच ओलावा शोषून वाया जातो. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा काढून टाकतात. यामागचे कारण हवेपेक्षा पाणी हे आहे: दाब वातावरणाच्या चार टक्क्यांपर्यंत उतरला की पाणी तीस अंशांवरच उकळते, आणि पंप तो दाब आणखी खाली नेऊन ते बाष्परूपाने ओढून घेतो; नाहीतर आत राहिलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून वाट अडवते किंवा गॅस-तेलाशी संयोग पावून आम्ल बनवते आणि धातू खाते. पाऊण-एक तासाने पंपाची तोटी बंद करून मेकॅनिक काट्याकडे पाहत बसतो. काटा जागचा हलला नाही तर जोड पक्के. तो सरकू लागला तर कोठेतरी गळती आहे किंवा आत अजून पाणी उकळते आहे, आणि दोन्ही प्रकारांत गॅस भरण्याची घाई करायची नसते. गॅस वजनाने भरतात, हाताला गार लागेपर्यंत नव्हे. आर-१२ साठी आखलेल्या यंत्रणेत आर-१३४ए साधारण ८० ते ९० टक्के वजनाचाच लागतो, आणि जास्त भरला तर दाब चढून गारवा उलट कमी होतो.

राहिला प्रश्न गाडीच्या मूळपणाचा. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला व्हिंटेज नोंदणी क्रमांक मिळू शकतो, पण तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. स्वतंत्र ब्रॅकेटवर, मूळच्याच छिद्रांत बोल्ट घालून बसवलेला कॉम्प्रेसर हा मोठा फेरफार मानला जाण्याचे कारण दिसत नाही; पत्रा कापून केलेले झरोके मात्र कोणत्याही नियमाविना गाडीचे नुकसानच करतात. म्हणून जाणते कारागीर नवे छिद्र पाडण्याआधी जुने कोठे सापडते का ते बघतात, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून मालकाच्या हवाली करतात. यात एक गंमतही झाली आहे. सत्तरच्या दशकात विक्रेत्याने बसवून दिलेली, त्या काळी गाडीचे वजन तीस-चाळीस किलोंनी वाढवणारी म्हणून स्पोर्ट्‌स गाडीच्या शौकिनांनी उपटून फेकलेली यंत्रणा आता गाडीच्या खरेदीपत्रावर नोंदलेली असल्यामुळे मूळ ठरते, आणि गाडी जशीच्या तशी उभी करू पाहणारे लोक तो जुना, हादरे देणारा कॉम्प्रेसर व त्याचे बिडाचे ब्रॅकेट भंगारातून शोधून आणतात, रंगवून जागेवर बसवतात, आणि त्यात गॅस भरण्याच्या भानगडीत मात्र पडत नाहीत.